करंगळीची साक्ष

पेटीवाले डॉक्टर रोग्याच्या तोंडावर विश्वास ठेवत नसत. "तू गप्प बस, नसेला बोलू दे," म्हणत आणि लाकडी पेटी उघडत. आत बॅटरी, तारेचं वेटोळं, मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या दोन छोट्या गाद्या; त्या अंगाला लावल्या की विजेचा झटका बसे. अर्ध्या वसईला वाटे, पेटीत भूत आहे. उरलेल्या अर्ध्या वसईला वाटे, ते डॉक्टरांचं ऐकतं.

मी गुरांचा दलाल. शून्यातून वर आलेला. दिवसभर गाडीवर उजवं कोपर टेकून सौदे करायचो. करंगळी बधिर झाली होती, पण दलालाने दुखणं सांगायचं नसतं. आमचा भाव रुमालाखाली ठरतो. जितकी बोटं दाबली, तितका आकडा. जूचंद्रच्या गोविंददादांनी माझी पाचही बोटं दाबली, मला चारच कळली. मी हो म्हटलं. दादांनी पाचाचा भाव मागितला, तेव्हा भर बाजारात त्यांना लबाड म्हातारा म्हणालो. बैल घेऊन ते गेले, ते पुन्हा बाजाराला आले नाहीत.

पुढे बोटं वाकडी होऊ लागली, म्हणून डॉक्टरांकडे गेलो. कोपराखाली गादी लावली, करंगळी टुणकन उडाली. कोपराच्या वर लावली, जेमतेम हलली.

"शेठ, नस कोपरात दबलीय. टेकून टेकून. ही करंगळी कुणी दाबली तरी तुला कळायचं नाही."

बाकावरून कुणीतरी ओरडलं, "म्हणजे गोविंददादा खरा!" सगळा दवाखाना हसला.

डॉक्टर म्हणाले, "कोपर टेकायचं नाही. आणि जूचंद्रला जाऊन दादांना बाजारात आणायचं, तिथेच त्यांची माफी मागायची."

"कोपराचं मान्य. माफी घरी जाऊन मागतो."

"शिवी कुठे दिलीस?"

"बरं, निरोप पाठवतो."

"शिवी निरोपाने पाठवली होतीस?"

दर महिन्याला पेटी लावत आणि विचारत, "जूचंद्र?" मी म्हणे, "पुढच्या बाजाराला." मला आजही राग येतो. मी बोट दाखवायला गेलो होतो. कबुलीच द्यायची असती तर चर्चमध्ये पाद्रीबाबांकडे गेलो असतो.

बोट सुधारलं आणि डॉक्टरच अचानक गेले. स्मशानात गोविंददादा दिसले. सगळ्यांसमोर म्हणालो, "दादा, चूक माझी. माझं बोट मेलं होतं."

"ठाव हाय. डाक्टर दुसऱ्याच दिवशी सायकलवर येऊन सांगून गेला."

"मग मला का पाठवत होते?"

"मी पन तेच इचारलं. बोलला, बोट होईल बरं, मानसाचं बघतोय."

चितेवर असतानाही त्या माणसाने मला चारचौघांत उघडं पाडलं, आणि भांडायला समोर कुणी उरलं नव्हतं.