डावीकडं वळणारी बोट

आमच्या टोळक्याचे किस्से म्हणजे उसाचं पाचट. किती बी उचला, खाली थर उरतोच! त्यात देवळालीच्या सोपानतात्यानं जुनी फायबरची बोट घेतली, आणि माझं पोट दुखायचं काही थांबेना. हसून हो!

बोट चालवायची कोकणात, खाडीत. पण तात्या म्हणाला, "आधी घरी शिकतो." आणि सोडली कुठं? शेततळ्यात! दोन दिवस गडी तळ्यात गोल गोल. इंजिन बघायला केडगावचा गॅरेजवाला भिका, आणि काठावरनं "अजून जोरात!" म्हणायला मी. तिसऱ्या दिवशी इंजिनाचा पंखा तळ्याच्या प्लॅस्टिक कागदात गुंतला. ट्रॅक्टर लावून बोट ओढली, तसा कागद टर्रर! पाणी सगळं जमिनीत.

तात्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, कोरडं तळं बघून म्हणाल्या, "पाडव्याच्या आत एक डाव तरी कुनी न वढता परत येऊन दावा. न्हाई तर बोट इकायची!"

तात्याचं तोंड एवढंसं झालं. उभ्या जन्मात गड्यानं स्वतःसाठी घेतलेली ही एकच वस्तू.

*

भिकाला पोहता येत नाही. मी त्याला गंभीरपणे सांगितलं, "लाईफ जाकीट अंगात मुरावं लागतं. घरनंच घालून नीघ."

निघाला की! केडगावपासून भगवं जाकीट घालून एसटीत. कंडक्टरनं विचारलं, "काका, पूर आलाय का?"

भिका म्हणाला, "म्होरं घाट हाय."

कंडक्टरनं एकदा खिडकीबाहेर बघितलं, एकदा ड्रायव्हरकडं. मग हळूच म्हणाला, "अजून एक हाय का?"

*

शेततळ्यात तात्या सदा डावीकडंच फिरलेला. खाडीत गेल्यावर कळलं, गड्याला उजवं वळणच येत नाही! जेटी उजवीकडं आली की तात्या डाव्या बाजूनं पाऊण गोल मारून तिकडं तोंड करायचा. तोवर जेटी मागं जायची. पुन्हा गोल!

हरी नाखवा नावाचा मच्छीमार हे बघत होता. त्यानं हाक मारली, "प्रदक्षिणा घालताय काय? मग उलटी का?"

मी ओरडलो, "नवसच तसा हाय!"

बिचाऱ्यानं हात जोडले. एवढ्यात पेट्रोल संपलं. मग हरीनंच दोर टाकून आम्हाला जेटीला ओढलं.

*

दुसऱ्या फेरीला ओहोटी लागली. हरीनं मला सकाळीच सांगून ठेवलेलं, पण मी कशाला बोलू! तात्या आणि भिका कालव्याच्या पाण्यावर वाढलेले. बघता बघता पाणी गेलं, बोट चिखलात रुतली.

तात्या म्हणाला, "पाण्याचं आवर्तन संपलं वाटतं!"

मी मोबाईल कानाला लावला. आमच्याकडं कालव्याचं पाणी सोडणारा पाटकरी असतो ना, तसाच जणू खाडीलाही! "पाटकरी साहेब, जरा दार उघडा की! देवळालीची मानसं अडकल्यात!"

चार-पाच तासांनी पाणी आलं, बोट तरंगली. तात्या भिकाला सांगतोय, "बघ! याची वळख लई वरपर्यंत हाय!"

इंजिन मात्र चिखलानं गच्च. पुन्हा हरी, पुन्हा दोर.

*

पाडवा चार दिवसांवर आला. शेवटची फेरी. वहिनी स्वतः आल्या, भाकरीचं गाठोडं घेऊन. "म्या माज्या डोळ्यांनी बघनार!" पदर खोचून अशा बसल्या, जणू कोर्टातल्या जज्ज. तात्या इतका घाबरला की पहिल्यांदाच उजवीकडं वळला!

खाडीच्या तोंडाशी मोकळं पाणी लागलं. बोट उडायला लागली. वहिनी उठल्या, म्हणाल्या, "सरका!" आणि स्टेअरिंग धरलं.

"अगं, हळू!"

"तुमी गप बसा वो!"

तोंडावर पाणी उडतंय, बांगड्या वाजतायत, पदर सुटून फडफडतोय, आणि वहिनी पोरीसारख्या ओरडतायत, "अजून म्होरं! अजून म्होरं!" मी बी ओरडलो! भिका जाकीट घट्ट धरून सगळ्या देवांची नावं घेत होता.

आणि फट् करून इंजिन बंद.

भिकानं इंजिन चालू करायची दोरी ओढली. वीस वेळा ओढली. इंजिन गप्प. तात्या खाली मान घालून बोटीच्या कडेवरनं हात फिरवत बसला. मला बी चेष्टा सुचेना.

हरीची बोट आलीच. दोर हातात. "ओढू काय?"

तात्यानं तोंड उघडलं. त्याच्या आधी वहिनी उभ्या राहिल्या.

"कुनाला वढताय, भाऊ? आमी जेवायला थांबलोय!"

गाठोडं सोडून त्यांनी पहिली भाकरी हरीच्या हातात दिली.

"बसा, तुमी बी खा. आन् तो दोर ठेवा खाली."