खुशालीनं आलो हो!

ईशा, निनाद,

परवा आपल्या घरच्या ग्रुपवर मी 'डोणगावचे गुलाबदादा गेले' एवढंच टाकलं. तुम्ही दोघांनी लगेच जोडलेले हात पाठवले. मग निनादने विचारलं, "आजी, हे कोण?" त्याचं उत्तर त्या इवल्या चौकोनात मावेना, म्हणून हे लिहिते आहे.

गुलाबदादा कुणाकडेही गेले की फाटकाबाहेरूनच ओरडत, "खुशालीनं आलो हो!" तसं ओरडावंच लागे. डोणगावात कोणी वारलं की बाहेरगावच्या नातलगांना सांगायला तेच सायकलने जात. त्यांची सायकल दिसली की बायकांच्या छातीत धस्स होई.

माझे वडील, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, गेले तेव्हा मी मेहकरच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. दादा दारात आले, ओरडले नाहीत. ही खूण मला तेव्हा ठाऊक नव्हती.

"ताई, जेवन झालं का?"

"बसतेच आहे. या, तुम्हीही बसा."

"तुमी घ्या. मले पानी द्या फक्त."

मी जेवले. ते त्यांच्या म्हशीच्या खोड्या सांगत राहिले. मी हात धुतल्यावर म्हणाले, "चला ताई. भाऊ गेले."

पुढे कधीतरी मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "एकदा सांगतलं का चूल पेटत नाई. अन् रडाले बी ताकद लागते, ताई."

मोबाइल आले, तेव्हा दादा हसले होते. "बरं झालं बाप्पा, माह्या सायकलीचे टायर वाचले!" गावाचा ग्रुप निघाला. नळाची वेळ, वाढदिवस, गोऱ्हा विकणे आहे, भावपूर्ण श्रद्धांजली, सगळं एकाखाली एक. एका म्हातारीला भाऊ गेल्याचं पिठाच्या गिरणीवर, रांगेतल्या कुणाच्या तरी फोनमधून कळलं. दादा गिरणीवाल्यावर तडकले, "अबे, तिच्या डोक्यावर पिठाचा डबा होता. तो उतरवाले बी कोनी नवतं?"

"दादा, तुमी सायकलीत हवा भरेपर्यंत गावभर स्टेटस होते," तो म्हणाला. लोक हसले. दादा हसले नाहीत.

मग त्यांचा मुलगा विनोद गेला. खामगावच्या रस्त्यावर ट्रकने उडवलं. तिथून जाणाऱ्या कुणीतरी ओळखलं आणि घरी कळवायच्या आधी ग्रुपवर फोटो टाकला. खाली दोन शब्द आणि हातच हात. घरात दादा जेवायला बसले होते आणि विनोदची बायको सुमन भाकरी करत होती. फोन वाजला. तिने पाहिलं, फोन पालथा ठेवला आणि सासऱ्यांच्या ताटात भाकरी वाढली. "घ्या ना मामाजी, अजून एक." त्यांनी घेतली. ते हात धुऊन आल्यावर तिने सांगितलं.

मी भेटायला गेले, तेव्हा दादा ओसरीवर बसले होते. सुमन आत होती. तिला ऐकू जाऊ नये इतक्या हळू ते म्हणाले, "पोटभर जेवलो मी, ताई. तव्यावरची भाकर करपली, तरी मले समजलं नाई. उलट तिलेच म्हनलं, ध्यान कुठं हाये तुह्यं." मग म्हणाले, "तिनं मले जेवू देलं. तिले कोनी जेवू देलं नाई."

त्यानंतर दादा कुणाकडे गेले तरी फाटकाबाहेरून ओरडत नसत. गुपचूप येऊन बसत.

रविवारी भर उन्हात माझ्या दारात सुमन उभी राहिली. डोणगावहून एसटीने आली होती. चपला काढता काढता म्हणाली, "आत्याबाई, जेवल्या का?"

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग ताट वाढून घेतलं आणि तिच्यासमोर बसून जेवले. तिने फक्त पाणी घेतलं. नंतर आम्ही दोघी रडलो. फोन मी संध्याकाळी उघडला. गावाच्या ग्रुपवर ती बातमी सकाळपासून पडलेली होती.

दादांची सायकल कधीच भंगारात गेली. पण डोणगावहून सांगायला अजून माणूस येतो. आता सुमन येते.