नाना, अक्का आणि पडद्याचा उजेड

वाचनालयातली धूळ रोज झटकता येते, किस्से झटकता येत नाहीत. ते साचतच जातात. आमच्या देवपूरच्या वाचनालयात ई-रीडर आल्यापासून तर ढीगच लागलाय!

एका सभासदाच्या मुलीने दोन ई-रीडर वापरून बघायला दिले. ठेवायचे की परत करायचे, ते वार्षिक सभेत ठरणार होतं. अध्यक्ष नाना पहिल्या दिवसापासून विरोधात. "पडद्यावर वाचायचं म्हणजे डोळ्यांची माती!"

मी तिथली सहायक ग्रंथपाल, आणि ठाम बाजूने. कारण एकच, आमच्या जुन्या सभासद अक्का. बारीक टाइप दिसेना म्हणून त्यांनी वाचनच सोडलं होतं. ई-रीडरवर अक्षर बोराएवढं करून दिलं आणि अक्का परत आल्या.

*

पहिल्याच दिवशी म्हाताऱ्या सभासद आबांची तक्रार. "पान उलटत नाही. मशीन बिघडलं."

जाऊन बघते तर आबा बोट जिभेला लावतायत आणि पडद्यावर फिरवतायत!

"आबा, ओलं बोट चालत नाही याला."

"आयुष्यभर चाललं ते!"

*

संध्याकाळी डोळ्यांना बरं, म्हणून मी उजेड जरा पिवळसर केला. सकाळी आबा हजर. "पान इतक्यात पिवळं पडलं? जुना माल खपवला तुला, पोरी!"

*

नाना मात्र हातच लावायचे नाहीत. "या उजेडाने माणूस आंधळा होतो," असं मला बजावायचे. तेव्हा त्यांच्या हातात मोबाईल, ब्राइटनेस फुल्ल आणि स्क्रीनवर कुणाचा तरी गुड मॉर्निंगचा गुलाब! दुपारपर्यंत बॅटरी मान टाकायची.

*

उन्हाळ्यात अक्कांनी वाचनालयाच्या गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातले आणि राखायला बसल्या. भर उन्हात माझा मोबाईल नुसता आरसा झाला होता, त्यांचा ई-रीडर मात्र स्वच्छ दिसत होता. मी ओरडले, "अक्का, कावळा!"

अक्कांनी मान वर केली नाही. "लई जाऊ दे, पोरी! आठे खून व्हयेल शे!" कावळ्याने बिबडे नेले तरी चालतील, इथे कादंबरीत खून झाला होता!

*

शेवटी सभेची संध्याकाळ आली. अक्का पहिल्या रांगेत, ई-रीडर पदराखाली धरून. तो आजच परत जाणार, असं त्यांनी गृहीतच धरलं होतं. नाना भाषणाचा कागद घेऊन उभे राहिले.

"सभासदहो, वाचनाच्या दृष्टीने या यंत्राचा..."

लाइट गेली!

नानांनी मोबाईल काढला. बंद. माझा मी पर्समधून बाहेर काढलाच नाही. मग अक्का उठल्या, ई-रीडरचा उजेड पूर्ण वाढवला आणि नानांच्या कागदाशेजारी धरला.

"...काडीचाही उपयोग नाही," नानांनी वाक्य पुरं केलं. आबांनी तोंडात रुमाल कोंबला.

पुढचं वाक्य येईना. नाना डोळे बारीक करून कागदाकडे बघत होते. मग मान जराशी बाजूला, पडद्याकडे वळली. मग तिथेच राहिली.

आम्ही वाट बघत बसलो. न राहवून आबा म्हणाले, "नाना, पुढे?"

नानांनी हातानेच आबांना गप्प केलं.

"अक्का," ते हळूच म्हणाले, "पान उलटा."