न भागणारी तहान

आखातात, खलिफा सिटीत तेव्हा व्हिलांच्या रांगा उभ्या राहत होत्या आणि मी तिथे शटरिंगचा, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्या ठोकणारा सुतार होतो. उन्हाळ्यात साइटवर सगळेच पाण्याच्या कूलरला चिकटलेले असायचे, त्यामुळे माझी तहान वेगळी आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. पाण्याने भागेना म्हणून मी थंडगार कोला आणि आंब्याचा ज्यूस प्यायला लागलो. जितकं प्यावं तितकी जीभ टाळ्याला चिकटायची. प्यायलं की लघवीला पळायचं. फोरमन मलबारी होता, मनाने चांगला; पण तोही एकदा ओरडला, “अरे भाई, तुम काम करने आया है या बाथरूम का वॉचमन है?” सगळे हसले. मीही हसलो.

मग पँट कमरेवर राहीना. पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडलं, काही दिवसांनी आणखी एक. जेवणात तर मी कुणाला ऐकत नव्हतो. खबूसच्या रोट्या, डाळ, भात, दुसऱ्याच्या ताटात उरलेलंही खायचो. तरी आरशात गालांची हाडं वर येत चालली होती.

कामगारांच्या कॅम्पात माझ्या वरच्या पलंगावर साताऱ्याकडचा एक प्लंबर होता. वयाने मोठा, म्हणून आम्ही त्याला दादा म्हणायचो. एकदा माझ्याकडे बघत तो म्हणाला, “खोकला येतो का रं तुला?”

“नाही.”

“ताप?”

“नाही, दादा.”

त्याला काय विचारायचं होतं ते मला कळलं. आदल्या वर्षी आमच्याच कॅम्पातला एक जण असाच वाळत गेला होता. व्हिसाच्या मेडिकलमध्ये त्याच्या छातीच्या फोटोत डाग निघाला आणि खलास, त्याला मायदेशी धाडलं. आम्ही कामावरून परतलो तेव्हा त्याची गादी गुंडाळलेली होती. आता माझाही व्हिसा रिन्यू व्हायचा होता. मला टीबी असणार, नाहीतर कॅम्पात ज्याचं नावही कुणी घेत नसे तो रोग, असं मी धरूनच चाललो. कधी वाकडं पाऊल टाकलं नव्हतं, पण एकदा न्हाव्याचा वस्तरा लागला होता, तेच आठवत बसायचो. दवाखाना कॅम्पपासून चालत जाण्याइतका जवळ होता. त्या दिशेला मी बघायचोही नाही. रक्त दिलं की रोग कळणार, रोग कळला की विमानात बसवणार.

एका सकाळी पहिल्या मजल्याच्या स्लॅबवर मी मोजायचा टेप लावला आणि आकडे दिसेनात. डोळे चोळले. आकडे पाण्यात बुडाल्यासारखे एकमेकांत मिसळलेले. मान वर केली तर फोरमनचा चेहराही पुसट. स्लॅबची कड माझ्यापासून हातभर लांब होती. मी तिथेच फळीवर बसलो आणि ओरडलो, “मेरेको दिखता नहीं!”

फोरमनने मला हाताला धरून खाली आणलं आणि पिकअपमध्ये बसवलं. “डॉक्टर नको, डॉक्टर नको,” मी मराठीतच म्हणत राहिलो. त्याला कळलं असणार, पण त्याने गाडी थांबवली नाही. “यल्ला, चल, चुप बैठ.”

डॉक्टरबाई नागपूरच्या निघाल्या. त्यांनी माझ्या बोटाला सुई टोचली, मशीनकडे बघितलं, मग माझ्या काळ्या सेफ्टी शूजकडे. त्यांच्या टोकांवर पांढरे ठिपके होते.

“हे कशाचे?”

“सिमेंट असेल.”

“मला नाही वाटत. लघवीचे शिंतोडे वाळले की साखर अशी मागे राहते. तुम्हाला डायबिटीस आहे.”

“टीबी नाही?”

“फोटो काढूच. पण ही सगळी लक्षणं साखरेची आहेत. रक्तात ती इतकी साचली आहे की किडनी तिला बाहेर टाकते आहे. ती एकटी जात नाही, अंगातलं पाणी ओढून नेते. म्हणून सारखी लघवी आणि म्हणून ही तहान. त्यावर तुम्ही कोला पीत होतात.”

“मग एवढं खाऊन वाळलो कसा?”

“साखर रक्तातून पेशींमध्ये शिरायला इन्सुलिन लागतं, ते कमी पडतंय. शरीर भरल्या पोटी उपाशी राहतं. मग भूक लागत राहते आणि ते स्वतःचीच चरबी, स्वतःचंच मांस जाळत सुटतं. डोळ्यांच्या भिंगांनाही साखरेने सूज येते. ते बहुतेक निवळेल. पण आणखी काही दिवस असेच काढले असते तर बेशुद्ध पडला असतात.”

“याच्यासाठी घरी पाठवतात का?”

“नाही हो.”

तेव्हा मला रडू आलं. फोरमन दाराशी उभा होता, तो दुसरीकडे बघू लागला.

त्यांनी सलाइन लावलं, इन्सुलिन सुरू केलं. नर्सने मला माझ्याच पोटात सुई टोचायला शिकवलं तेव्हा पहिल्या वेळी तिनेच माझा हात धरला. एक भीती गेली होती आणि तिच्या जागी जन्माची दुसरी येऊन बसली होती.

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, बायकोला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, “माझ्या आत्याला होता. तिचा पाय कापला. तुम्ही रोज पाय बघत जा.” एरवी ती फोन मुलाकडे द्यायची, त्या दिवशी न देताच ठेवला.

छातीचा फोटो स्वच्छ निघाला, व्हिसा लागला. नजर काही आठवड्यांनी पूर्ववत झाली. तोवर फोरमनने मला खालीच, लाकडं कापायला ठेवलं. पुढे सुया बंद होऊन गोळ्यांवर आलो आणि तिथे आणखी बरीच वर्षं काम केलं. दिवसभराच्या उन्हानंतर घसा कोरडा पडला की मात्र मी हातातलं काम ठेवून आधी टेपवरचे आकडे वाचून बघायचो.