कप्तानाचा मुलगा

आधी विमलमावशीचं नाव घेतो. सुरतेत उतरलो तेव्हा पहिलं ताट तिने वाढलं, डिंडोलीच्या खोलीत पथारी टाकायला जागा तिने दिली, आणि पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमधल्या मेहताजींसमोर मला उभं करून कामाला लावलं तेही तिनेच. पुढचं वाचून माझ्याबद्दल काय म्हणायचं ते म्हणा. पण तिचं नाव आधी वाचा.

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. गावी आईपाशी नाही, लग्न झाल्यावर बायकोपाशीही नाही. बोलायला गेलो की वाटतं, यात सांगण्यासारखं आहे तरी काय? टीव्हीवरची एक मालिका. कुणी मेलं नाही, कुणाचं घर मोडलं नाही. मग तिच्या गल्लीत वळताना मी अजून खाली बघून का चालतो?

मी साक्रीकडचा. शाळा सातवीत सुटली. सुटली कसली, मीच सोडली. पण मावशीने पहिल्याच दिवशी विचारलं, "कितला शिकेल शे रे भाऊ? इंग्रजी येस का?" आणि मी म्हटलं, दहावी झालीय, येतं की. का म्हटलं? भूक लागली होती, परकं गाव होतं, आणि ती इतक्या आशेने बघत होती की नाही म्हणणं मला उर्मटपणा वाटला. तिने तेच पुढे मेहताजींना सांगितलं. पोरगा इंग्रजी शिकलेला आहे, मी जामीन. मला फोल्डिंग खात्यात घेतलं. कापडाच्या ताक्यांवर इंग्रजी चिठ्ठ्या लिहायच्या. मेहताजी सकाळी नमुना द्यायचे आणि मी दिवसभर त्या अक्षरांची चित्रं काढायचो. वाचता एकही येत नव्हतं. चित्रं मात्र सुरेख यायची.

मावशीची खानावळ होती. तिच्या पुढच्या खोलीत रंगीत टीव्ही होता आणि केबलही. रविवारी दुपारी जेवणं झाली की सगळे तिथेच भिंतीला टेकायचे. त्या वेळेला एका इंग्रजी वाहिनीवर ती मालिका लागायची. आम्ही तिला नुसतं 'जहाज' म्हणायचो. आकाशात फिरणारं एक मोठं जहाज, त्याचा पिकल्या केसांचा कप्तान, आणि एका ग्रहावरची खाण. परदेशात ती कित्येक वर्षं चालली होती म्हणे. आम्हाला चित्रं आवडायची, कळायचं काहीच नाही. तेव्हा मावशी सगळ्यांसमोर अभिमानाने म्हणाली, "आपला भाऊ सांगी ना."

आणि मी सांगू लागलो.

काय सांगणार होतो? कप्तान तोंड हलवायचा, मी तोंडाकडे बघून गोष्ट रचायचो. माझ्या गोष्टीत त्या खाणीतले लोक आमच्यासारखेच होते, गाव सोडून आलेले, आणि कप्तान त्यांच्या बाजूचा. मालकांनी खाणीतली श्वासाची हवा तोडली की तो हवा सोडवून आणायचा. लूमवरचा नामदेव मांडीवर थाप मारून ओरडायचा, "असा मुकादम पायजे राव!" त्या खोलीत मला मान होता. मान... आयुष्यात पहिल्यांदा. पुढे पुढे तर मला रचावंही लागेना. आपोआप सुचायचं आणि खरंच वाटायचं.

इथवर थांबलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं.

मावशीचा एक मुलगा होता, गोकुळ. बाप गेल्यावर घरात काहीतरी बोलाचाली झाली आणि तो हजीऱ्याच्या बंदरावर ठेकेदाराच्या टोळीत कामाला गेला. तिथून परतलाच नाही. कुणी म्हणे मुंबईला गेला, कुणी म्हणे बंदरातून बोटीवर चढला. हजीऱ्याकडून कुणीही जेवायला आलं की मावशी वाढता वाढता विचारायची, उंच आहे, कपाळावर खोक आहे, दिसला का? आणि स्वयंपाकघरात रोज एक ताट वेगळं घासूनपुसून पालथं ठेवायची.

त्या मालिकेत मधूनमधून दुसऱ्या जहाजावरचा एक पोरगा दिसायचा. निळा गणवेश, उंच. एका रविवारी सगळे पांगल्यावर मी आत पाणी प्यायला गेलो. मावशी कणीक मळत होती. मान वर न करता तिने विचारलं, "हाऊ निळा पोऱ्या कोन शे रे?"

मला माहीत नव्हतं. तेवढंच म्हणायचं होतं — माहीत नाही. पण तिचे हात थांबले होते.

मी म्हटलं, "कप्तानाचा मुलगा. लहानपणी हरवलेला. दोघांनाही अजून ठाऊक नाही."

तेव्हापासून दर रविवारी बाहेर मी पुरुषांना लढाया सांगायचो, आणि मागाहून आत मावशीला, फक्त मावशीला, मुलाची गोष्ट. आज तो बापाच्या जहाजाजवळून गेला. आज त्याने आईचं नाव काढलं. ती ऐकताना पोळी करपू द्यायची. कधी मधेच म्हणायची, "भेटतीन ना रे?" आणि मी म्हणायचो, भेटतील, पुढच्या वर्षीच्या भागात नक्की. दया होती ती? की माझ्या बोलण्याने कुणाचा चेहरा बदलतो याची चटक लागली होती? मला विचाराल तर — दोन्ही. आणि चटक जास्त.

मग केबलवाल्या जिग्नेशने गल्लीत सांगितलं की जहाजाचे नव्या वर्षाचे भाग येतायत आणि या वेळी हिंदीत. खोलीत दिवाळी झाली. नामदेव मला म्हणाला, "चल, तुझी ड्यूटी संपली. आता तू बी पाय पसर." मावशीने त्या रविवारी भजी तळली. शेजारच्या बायकाही आल्या. मी दाराशी बसलो, पटकन उठता यावं म्हणून.

हिंदीत कप्तान बोलू लागला, आणि कळलं की तो पहिल्यापासून खाणमालकांच्या कंपनीचा माणूस. खाणीतल्यांवर नजर ठेवायला नेमलेला. हवा तोडायचा हुकूम त्याचाच असायचा.

नामदेव उसळला, "विकला गेला! यंदा शेठनी फोडला याले!" दुसरा म्हणाला, लिहिणारा बदलला असेल, आधीचं किती चांगलं होतं. तिसऱ्याने टीव्हीकडे भजं भिरकावलं. इतकी वर्षं याच्यासाठी आपण जीव टाकला आणि हा असा निघाला? आपल्यातलाच म्हणून बघत होतो ना याला? सगळे माझ्याकडे वळले, "सांग ना, आधी असा होता का?" मी मान हलवली. नव्हता.

आणि खरं सांगू? मलाही फसवल्यासारखं वाटलं. माझा कप्तान त्यांनी चोरला होता. ज्याने सगळं खोटं रचलं त्यालाच दगा झाल्यासारखं वाटावं, याला काय म्हणायचं?

एवढ्यात पडद्यावर तो निळा पोरगा आला. तो शत्रूचा हेर निघाला. कप्तानाने त्याला दारातून बाहेर, रिकाम्या आकाशात लोटलं. तो हातपाय हलवत लहान लहान होत गेला. कप्तान हसून म्हणाला, "एक दुश्मन कम हुआ."

"आरे, तो तुना आंडोर शे, तुना पोऱ्या!" मावशी किंचाळली. हातात झारा तसाच. तेल गळत होतं.

सगळे हसले. त्यांना वाटलं, मावशी गंमत करतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जिग्नेशच्या दुकानावर गेली. मला हाताला धरून घेऊन गेली. नामदेव रात्रपाळी करून परतताना वाटेत भेटला, तोही मागे आला. ओट्यावर आमचे मेहताजी उभे होते, त्यांच्या घरची केबल बंद पडली होती म्हणून. मावशीने कुणाचीच पर्वा केली नाही. ती जिग्नेशला म्हणाली, तू खोटी मालिका दाखवतोस, खरी लाव. त्या पोराला बापाने मारलेलं नाही.

जिग्नेश आधी गोड बोलला, "मासी, आ तो ए ज सिरियल छे. फक्त हिंदीमां आवे छे." मग तिच्याकडे नीट बघून म्हणाला, मी पहिल्यापासून इंग्रजीत बघतोय, कप्तानाला मुलगाच नाही. कुणी सांगितलं तुम्हाला?

"याने," मावशी म्हणाली. "दहावी शिकेल शे."

नामदेव हसायला लागला. "मावशी, पोराचं कवा सांगितलं याने? आम्ही बी तर बसतो तिथं. आम्ही कधी ऐकलं नाही."

मेहताजींनी चष्मा वर केला आणि मला विचारलं, "का रे? तू असं सांगितलंस?"

मावशी माझ्याकडे बघत होती. घाबरली नव्हती ती. अगदी निर्धास्त होती. आता हा बोलेल आणि सगळं सरळ होईल, असं.

मी म्हटलं, "नाही. मी असं कधी म्हटलं नाही. मावशीच गोकुळचं मनात घेऊन काहीतरी बोलते."

हे शेवटचं वाक्य कुणी मागितलं होतं? नुसतं 'नाही' पुरलं असतं. मेहताजींपुढे माझ्या इंग्रजीचं बिंग न फुटता नोकरी वाचायला तेवढं पुष्कळ होतं. मी गोकुळचं नाव घेतलं, आणि ओट्यावरचे लोक एकदम हळहळले. "बिचारी," कुणीतरी म्हणालं. जिग्नेशनेही तिला खुर्ची दिली.

ती बसली नाही. माझा हात तिने सोडला, झटकून नाही, हळूच. जसा अनोळखी माणसाचा चुकून धरलेला हात सोडतात तसा.

संध्याकाळी तिने मला रोजच्यासारखंच वाढलं. पोळीवर तूप जास्तच होतं. म्हणाली, "मनंच काहीतरी चुकनं व्हई, भाऊ. तू राग धरू नको."

ती माझ्यावर रागावली असती तर मी कदाचित बोललो असतो. पण तिने माझ्यावर विश्वास ठेवला, तेव्हाही. स्वतःच्या कानांवर ठेवला नाही. मी मान खाली घातली आणि जेवलो. चवीने जेवलो.

त्यानंतर ती हजीऱ्याच्या माणसांना काही विचारेनाशी झाली. कुणी त्या बाजूचं आलं की भाजी वाढून पुढे सरकायची. बाजारात सुटे पैसे मोजताना बरोबरच्या बाईला दाखवायची, माझं बरोबर आहे ना गं, बघ. मग एक दिवस ते पालथं ताट इतर ताटांत मिसळलेलं दिसलं. कुणाच्या पुढ्यात गेलं असेल कोण जाणे. माझ्याही गेलं असेल.

नामदेव आणि मंडळी अजून त्या कप्तानाला शिव्या घालतात. नव्या वर्षाने वाटोळं केलं म्हणतात, जुनं जहाज ते जुनं जहाज. मी त्यांच्यात बसतो, हो हो म्हणतो. मिलमध्ये माझी बढती झाली आहे. अक्षरं आता थोडी वाचताही येतात.

दर आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, मावशी आम्हा सगळ्यांना बोलावते. गावाकडच्यासारखे खापरावर मांडे करते, जिग्नेशलाही बोलावते, मेहताजींनाही डबा पाठवते. मला शेजारी बसवते, म्हणते, हा माझा पहिला पोरगा. दर वर्षी मी ठरवून जातो, आणि खाऊन येतो.

विमलमावशी, तुझं फेडायचं आहे. एखाद्या आखाजीला, पान वाढण्याआधी, मेहताजींना त्यांच्या घरून बोलावून आणीन. नामदेव, जिग्नेश, ओट्यावर होते ते सगळे बसले की त्यांच्यासमोर उभा राहून सांगेन, की ती बरोबर होती, तिने ऐकलं ते मीच सांगितलं होतं, दर रविवारी, तिच्या चुलीपाशी. ते ताट शोधून घासीन आणि जिथे होतं तिथे पालथं ठेवीन. मग उठून जाईन. न जेवता.