निरोगी माणसाची दाढ

अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरनं स्वतःच्या दाढेविषयी लिहावं हे जरा हलकंच वाटेल. पण जंतुसंसर्गावरच्या माझ्या संशोधनात मी जे काही दडवलं, त्यात सगळ्यात मोठी वस्तू तीच होती.

आमचं काम थोडक्यात असं. संसर्ग रक्तात भिनला की शरीराच्या लढाऊ पेशी आधी पिसाळतात, मग दमून गप्प बसतात. त्या केव्हा पिसाळतात आणि केव्हा दमतात, हे मी कुंभकोणमच्या आमच्या रुग्णालयात कित्येक वर्षं मोजतो आहे. तुलनेला धडधाकट माणसांचं रक्त लागतं, आणि धडधाकट माणूस मिळणं महाकठीण. तिरुनागेश्वरमहून रुग्णाबरोबर आलेल्या नातेवाइकांना विचारावं, तर म्हणतात, "आजारी तो, आणि सुई मला?" मग आम्ही आमचीच बाही वर करतो. नळीवर नाव नसतं, नुसती खूण. रक्त कुणाचं, हे तपासणाऱ्याला कळत नाही. अट एकच, दात्याच्या अंगात कुठलाही संसर्ग नको.

"सार, ताप, गळू, काही दुखणं?" परिचारिका दर वेळी विचारायची.

"छे."

आणि डावीकडची शेवटची दाढ ठण्‌ ठण्‌ करत असायची. तिच्या मुळाशी पू होता, हे मला पक्कं ठाऊक होतं. लोकांच्या घशात नळ्या घालण्यात हयात गेली, पण दंतवैद्याची खुर्ची नुसती दिसली तरी मी आल्या पावली परत फिरतो. लवंग धरून दिवस काढत होतो.

"अहो, गालात लाडू ठेवलाय का?" बायकोनं एकदा विचारलं.

"कडक मुरुक्कू लागला."

"काल इडली लागली होती. उद्या कॉफी लागेल."

अशात माझ्या हाताखाली प्रबंध करणारी तरुण डॉक्टर माझ्या खोलीत धावत आली. तिरुक्करुगावूरची पोर, हुशार आणि बोलायला फटकळ.

"सार, गंमत बघा! निरोगी लोकांतला हा एक जण. दर खेपेला याच्या पेशी तलवार उपसून उभ्या! आजार याच्या वाऱ्यालाही उभा राहत नसणार. सैनिक आहे सार, सैनिक!"

मी नळीची खूण पाहिली. माझीच होती.

बोलायला हवं होतं ते तेव्हाच. भीतीनं गप्प बसलो असतो तर एक वेळ क्षम्य होतं, पण खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं. पोट सुटलेल्या, केस विरळ झालेल्या माणसाला सैनिक कोण म्हणतं? ती प्रयोगशाळेत "आपला सैनिक" म्हणाली की मी नकळत पाठ ताठ करायचो. एकदा तर मीच विचारलं, "काय म्हणतो आपला सैनिक?"

मग तिनं त्या सैनिकावर प्रबंधाचं आख्खं प्रकरण बेतलं. आधीचं मेहनतीनं लिहिलेलं एक प्रकरण काढून टाकते म्हणाली, तेव्हा मात्र मी चहाचा कप खाली ठेवला.

"तो सैनिक मी आहे," मी म्हणालो. "आणि माझ्या दाढेत गळू आहे."

ती माझ्या गालाकडे बघत राहिली.

"सार, आलेखात टिंब जरा सरकलं तर तुम्ही मला सगळा आलेख पुन्हा काढायला लावता."

"हो."

"आणि मी इतके महिने तुमच्या दाढेचा अभ्यास केला?"

"तसंच म्हणायला हवं."

ती वही उचलून निघून गेली. दुसऱ्या दिवशी येऊन तिनं हुकूम सोडला, "दाढ काढा. काढण्याआधी रक्त द्यायचं, जखम भरल्यावर पुन्हा द्यायचं. आता प्रबंध दाढेवरच उभा राहील."

मी डोळे मिटून त्या खुर्चीत बसलो. जखम भरली आणि माझ्या पेशी चारचौघांसारख्या निवांत झाल्या. मला किंचित वाईट वाटलं.

तिनं प्रकरण उलटं फिरवलं. निरोगी म्हणवणाऱ्यांत लपलेला संसर्ग सगळी तुलना कशी बिघडवतो, हा नवा विषय. गावातल्याच एका सभागृहात ती तो मांडायला उभी राहिली. तंजावर, तिरुचीहून डॉक्टर आले होते. त्यांत विद्यार्थ्यांना रडवण्यासाठी प्रसिद्ध असलेले एक वयोवृद्ध प्राध्यापक.

"नको असलेले आकडे झटकायला बहाणा छान आहे," ते म्हणाले. "दात्याला गळू होतं कशावरून?"

"त्यांनी स्वतः सांगितलं, सार."

"कोण हा दाता?"

"नाव सांगता येत नाही. नियम आहे."

"मग आम्ही विश्वास कशावर ठेवायचा? तुमच्या गोड चेहऱ्यावर?"

सभागृह हसलं. तिचे कान लाल झाले. एका शब्दानं ती सुटली असती, पण तिनं माझ्याकडे चुकूनही पाहिलं नाही.

मी अशा सभांत मागच्या रांगेत बसतो आणि जेवण झालं की गुपचूप निघतो. त्या दिवशी उभा राहिलो.

"मी," म्हणालो.

"तुम्ही काय?"

 मी आ वासला आणि दाढेच्या जागी उरलेल्या खिंडीकडे बोट दाखवलं. प्राध्यापक खुर्च्यांमधून वाट काढत माझ्यापाशी आले. चष्मा कपाळावर सरकवला, मोबाइलचा दिवा लावला आणि सगळ्यांदेखत माझ्या तोंडात डोकावले. बराच वेळ.

"हं," दिवा विझवत ते तिला म्हणाले, "पुढची स्लाइड."