सासऱ्यांनी दिलेली तीस-तीस

माझ्या सासऱ्यांनी मला फसवलं. ते वयस्कर आहेत, गावात त्यांना मान आहे, त्यामुळे हे वाक्य ऐकलं की लोक विषय बदलतात. वाक्य मात्र खरं आहे.

जर्मनीत लुडविग्सहाफेनमध्ये मी जुने पंप आणि व्हॉल्व्ह घेतो, विकतो. पुण्याहून आलो तेव्हा ओळखीचं कोणी नव्हतं. जे उभं केलं ते तोंडाच्या जोरावर. बायको इथलीच, जंगलाकाठच्या गावातली जर्मन. तिच्या घरात शिकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. शिकारीची परीक्षा मी पहिल्याच फटक्यात पास झालो, तरी हाक्याच्या शिकारीला मी आपला कॉफी पीत उभा. गेल्या उन्हाळ्यात सासरे म्हणाले, "स्वतःची बंदूक आण. ओकच्या झाडाखालचं मचाण तुझं." त्या मचाणावर आजवर फक्त घरची माणसं बसली आहेत. मला तिथे बसायचं होतं.

बंदूक लिव्हरचीच हवी होती. मुठीखालची कडी ओढली की पुढचं काडतूस चढतं, तो आवाज मला आवडतो. अडलो काडतुसावर. तीस-तीस की पंचेचाळीस-सत्तर? दोन्ही शंभर वर्षांहून जुनी. तीस-तीस हलकी, धक्का सौम्य, दिवसभर खांद्यावर घेऊन फिरा. पंचेचाळीस-सत्तरची गोळी करंगळीएवढी जाड, खांद्यावर लाथ बसते, पण समोरचं डुक्कर जागेवर बसतं. इथला कायदा सांगतो, रानडुकरासाठी शंभर मीटरवर गोळीत दोन हजार ज्यूलचा जोर उरला पाहिजे. मी दुकानदाराशी पंचेचाळीस-सत्तरवर घासाघीस करून त्याला पार घामाघूम केलं होतं. सहीच बाकी होती.

हे सासऱ्यांना कळलं. त्यांनी कपाटातून स्वतःची तीस-तीस काढून माझ्या हातात दिली. "घरात असताना दुकानात कशाला जातोस? ही तुझी."

"डुकराला चालेल ना?" मी विचारलं.

"अरे, हिच्याबरोबर मी म्हातारा झालो."

हे उत्तर नव्हतं. दुसऱ्या कोणी दिलं असतं तर मी तिथेच गळा धरला असता. पण सासऱ्यांनी जावयाला हाताने दिलेली वस्तू आमच्याकडे पारखून घेत नाहीत. मी वाकून नमस्कार केला. ते गोंधळले, माझा खांदा थोपटला, वर स्वतः भरलेल्या काडतुसांचा एक पत्र्याचा डबा दिला. डब्यावर काही छापलेलं नव्हतं. मी दुकानदाराला नाही म्हणून कळवलं आणि बंदूक रीतसर माझ्या नावावर करून घेतली.

हाक्याच्या सकाळी सगळे जंगलातल्या झोपडीपाशी जमलो. फॉर्स्टर, म्हणजे त्या जंगलाचा अधिकारी, एकेकाचे परवाने आणि बंदुका तपासत होता. माझ्यापाशी थांबला.

"काडतूस?"

"तीस-तीस."

त्याने भुवई उंचावली. "डुकरासाठी? जोर पुरत नाही. लहान हरणाला ठीक आहे."

"सासऱ्यांची बंदूक आहे," मी म्हणालो.

"गेनाऊ, अगदी बरोबर. आणि जोर पुरत नाही म्हणूनच ते स्वतः डुकरावर दुसरी वापरतात."

मी वळून पाहिलं. सासरे थर्मासचं झाकण घट्ट करत होते. ते आधीच घट्ट होतं.

"आल्झो, तर मग," फॉर्स्टर म्हणाला, "बंदूक गाडीत कुलपात ठेवा. हाकारे कमीच आहेत, तुम्ही हाका घाला."

कोणीतरी नारिंगी जाकीट माझ्या अंगावर टाकलं. ओकखालच्या मचाणाकडे म्युनिकहून आलेला माझा मेव्हणा, सासऱ्यांचा मुलगा, निघाला होता. जाताजाता म्हणाला, "तुझा आवाज घरात छपराला लागतो रे, इथे डुकरं नुसती ऐकूनच पळतील!" सगळे हसले. सासरेही.

मी काठी घेऊन काट्यांत शिरलो. ओरडत होतो, पण तोंडातून कोणते शब्द जात होते ते इथे लिहिता येणार नाही. एका झुडपातून डुक्कर उसळलं, माझ्या मांडीला केस घासून गेलं. इतक्या जवळून मी श्वापद कधी पाहिलं नव्हतं. हातात काठी होती. ते थेट ओकच्या दिशेने धावलं. गोळीचा एकच आवाज आला.

संध्याकाळी मेलेली जनावरं फांद्यांवर ओळीने मांडली. इथे ज्याची शिकार, त्याला फरच्या झाडाची डहाळी मिळते. सासऱ्यांनी ती रक्तात बुडवली आणि मेव्हण्याच्या टोपीत खोचली. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

"सोड ना आता," बायको गाडीत म्हणाली. "पप्पांनी बंदूक तर दिली."

दिली. मी पंचेचाळीस-सत्तर घेऊन उभा राहिलो असतो तर फॉर्स्टरने मला थांबवलं नसतं, आणि मेव्हण्याला मचाण मिळालं नसतं. तिला पटायला एवढं पुरायला हवं होतं. नाही पुरलं.

त्यानंतर आम्ही दर रविवारी त्यांच्याकडे केक खायला जातो आणि ते हवामानाबद्दल बोलतात. या रविवारी मी ते बोलू देणार नाही, त्यांना विचारणार आहे. अहो, मी तुम्हाला सरळ विचारलं होतं, डुकराला चालेल ना? तुम्हाला माहीत होतं. मग माझ्या तोंडावर 'नाही चालणार' असं का नाही म्हणालात? सगळ्यांसमोर, मेव्हण्यासमोर, सांगा.